लष्करी संग्रहालयाच्या जुन्या इमारतीचं नाट्य-संगीत केंद्र करता येतं का? लंडनला वुलिचमध्ये झालं, मग मुंबईत का होत नाही?

करता येतं. पण तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं एकत्र आली आहेत. इमारत वापरण्याजोगी करणं हे एक, आणि तिथे वर्षभर संध्याकाळी काहीतरी चालू ठेवणं हे दुसरं. पहिलं पैसे आणि चांगला वास्तुविशारद मिळाला की होतं. घोडं अडतं ते दुसऱ्यापाशी. मी प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे हे उत्तर बॅकस्टेजच्या बाजूने आहे असं समजून वाचा.

आधी वुलिच. तिथलं रॉयल आर्सेनल म्हणजे ब्रिटनचा जुना तोफा-दारूगोळ्याचा कारखाना. (तिथल्या कामगारांनी 1886 मध्ये काढलेला फुटबॉल संघ म्हणजे आजचा आर्सेनल.) कारखाना 1967 मध्ये बंद पडला आणि 1994 पर्यंत लष्करानेही जागा सोडली. 2001 मध्ये तिथे ‘फायरपॉवर’ नावाचं तोफखान्याचं संग्रहालय उघडलं. त्याचं आर्थिक गणित काही जमेना, म्हणून 2016 मध्ये तेही बंद झालं. मग ग्रीनिचच्या पालिकेने तिथल्या जुन्या इमारती सांस्कृतिक वापरासाठी हाती घेतल्या आणि 2021 च्या सप्टेंबरमध्ये ‘वुलिच वर्क्स’ सुरू झालं. मोठ्या सभागृहाचं नाव आजही ‘फायरवर्क्स फॅक्टरी’ आहे.

बातम्यांत विटांच्या भिंती आणि लोखंडी खांबांचे फोटो छान येतात. मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. इमारत तयार होतानाच तिथे कायम राहणाऱ्या संस्था ठरल्या होत्या: चिनेके ऑर्केस्ट्रा, नॅशनल यूथ जॅझ ऑर्केस्ट्रा, प्रोटीन ही नृत्यसंस्था. पंचड्रंक ही नाट्यसंस्थाही आर्सेनलच्याच आवारात आली. त्यांच्या नाटकात प्रेक्षक खुर्चीत बसत नाहीत, खोल्याखोल्यांतून फिरत नाटक बघतात, म्हणजे कारखान्याची इमारत त्यांना फावलीच. सांगायचं हे की तिथे तालमीचा आवाज सकाळपासून असतो. भाड्याने गिऱ्हाईक मिळेल तेव्हाच दिवे लागतात असं होत नाही.

आपल्याकडे हे कुणी केलंच नाही असं मात्र म्हणू नका. दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह आठवा. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांच्या ‘आविष्कार’ने 1974 पासून तिथे प्रयोग सुरू केले आणि पुढे कित्येक वर्षं ‘छबिलदास’ हे एका नाट्यचळवळीचंच नाव होऊन बसलं. ना धड रंगमंच, ना विंगा. वास्तू म्हणून त्या हॉलमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं. पण कुठल्या संध्याकाळी कोण येणार आणि काय करणार, हे सांभाळणारी माणसं होती.

आता इमारतीकडे येतो. लष्करी इमारती जाड भिंतींच्या, उंच छताच्या, दगडी फरशीच्या असतात. तोफ ठेवायला उत्तम, संवाद ऐकायला वाईट. रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून एक टाळी वाजवा आणि ती किती वेळ घुमते ते ऐका. नाटकाला साधारण एका सेकंदात आवाज विरायला हवा. मोठ्या ऑर्केस्ट्राला दोन सेकंद चालतात, किंबहुना हवेच असतात. दगडी हॉलमध्ये तीन-चार सेकंद घुमलं तर अर्धं वाक्य पुढच्या वाक्यावर चढतं. उपाय जाड पडदे, लोकरी पॅनेल वगैरे. पण हेरिटेज इमारतीत भिंतीला भोक पाडायची सोय नसते. मग दिव्यांसाठी जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभा राहणारा ट्रस (धातूचा सांगाडा) लावायचा, पडदेही त्यालाच. त्याचं वजन फरशी पेलते का हे स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगणार. ओल आलेल्या भिंतीवर सिमेंट थापायचं नाही, चुन्याचंच काम हवं, नाहीतर आत कोंडलेलं पाणी दोन पावसाळ्यांत दगड खायला लागतं.

आणि जिना! दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या हॉलमध्ये आमचा प्रयोग होता. सामान वर न्यायला एकच लाकडी जिना, तोही मधेच वळणारा. आठ फुटी फ्लॅट (नेपथ्याची उभी चौकट) वळेना, म्हणून सुताराने तो मधोमध कापून बिजागऱ्या लावल्या. कठड्याला ओरखडा जाऊ नये म्हणून गोधड्या बांधल्या होत्या. खाली टेम्पोवाला पोलिसाशी हुज्जत घालत होता, कारण गाडी उभी करायला जागाच नव्हती. उद्घाटनाच्या आराखड्यांत कॅफे असतो, पुस्तकांचं दुकान असतं. टेम्पो कुठे लागणार हे मी अजून एकाही आराखड्यात पाहिलेलं नाही.

मुंबईत अडतं कुठे? मुख्यतः मालकीपाशी. कुलाब्यापासून बॅलार्ड इस्टेटपर्यंतच्या बऱ्याचशा लष्करी वास्तू आजही नौदल-लष्कराच्या वापरात आहेत. रिकाम्या इमारतीची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. जमीन संरक्षण मंत्रालयाची, परवानगी पालिकेची, हेरिटेज समितीची आणि अग्निशमन दलाची, नाटकाच्या संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं) प्रमाणपत्र, शिवाय पोलिसांचा परवाना. यातलं एकेक मिळतं. सगळं एकदम मिळवून देणारं एक टेबल नाही.

लष्करी संग्रहालयाचं आपण काय करतो याचं उदाहरण तर समोरच आहे. जुनी विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ 1997 मध्ये निवृत्त झाली, 2001 पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, 2012 मध्ये सुरक्षेच्या कारणाने बंद केली आणि 2014 मध्ये भंगारात गेली. जहाज आणि इमारत यांच्या देखभालीत फरक आहे हे मान्य. पण दरवर्षीचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न तोच. उलट राजभवनात 2016 मध्ये सापडलेलं ब्रिटिशकालीन भुयार 2019 मध्ये संग्रहालय म्हणून खुलं झालं, कारण तिथे मालक एकच होता आणि लोक येऊन बघून जाणार होते. कावसजी जहांगीर हॉलचा प्रवास तर तुमच्या प्रश्नाच्या बरोब्बर उलटा: 1911 चं सार्वजनिक सभागृह, 1996 पासून आधुनिक कलेचं संग्रहालय. माझ्यासारख्याला त्याची थोडी हळहळ वाटते, पण वास्तू टिकली आणि वापरात राहिली.

तुमच्या मनात एखादी ठरावीक इमारत असेल तर आराखडा काढायच्या आधी तीन-चार नाट्यसंस्था, एखादा संगीताचा वर्ग, एखादी नृत्यसंस्था अशांना तिथे नेऊन उभं करा, आणि जुलैत न्या, म्हणजे गळतीही दिसेल. त्यांना विचारा, दहा वर्षांचा करार आणि परवडणारं भाडं दिलं तर इथे राहाल का? दोघांनी जरी हो म्हटलं तरी पालिकेच्या दारात जायला तुमच्या हातात काहीतरी असेल.