कढीपत्त्यावरच्या अळ्या, तारेवरचे घरटे आणि कुंडीखालच्या गोगलगायी

प्रश्न : राजारामपुरीतल्या आमच्या घरामागे सासूबाईंनी आठ वर्षांपूर्वी लावलेले कढीपत्त्याचे झाड आहे. पाऊस सुरू झाल्यापासून त्यावर हिरव्या, गुबगुबीत अळ्या झाल्या असून कोवळी पाने दिसेनाशी झाली आहेत. सासूबाई औषध फवारायचे म्हणतात. तिसरीतल्या माझ्या मुलाने मात्र अळ्या मोजून वहीत लिहून ठेवल्या आहेत आणि एखादी कमी झाली की तो जेवायला बसत नाही. मी दोघांच्या मध्ये अडकले आहे. काय करावे? (एक वाचक भगिनी, कोल्हापूर)

उत्तर : आधी सासूबाईंच्या बाजूने लिहिते. ज्या बाईने ते रोप उन्हाळ्यात भाज्या धुतलेले पाणी घालून जगवले आणि आज गल्लीतल्या चार घरांना जी त्याची पाने पुरवते, तिला त्या झाडाच्या नुसत्या काड्या उरलेल्या बघवणार नाहीत. त्यांची तक्रार खरी आहे आणि मुलासमोर ती तशी मान्य करावी. तरीही फवारणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कढीपत्ता आपण तोडतो, नळाखाली धरतो आणि लगेच तापल्या तेलात टाकतो. त्यामुळे झाडावर मारलेले औषध फार लांबचा प्रवास न करता ताटात येते.

या अळ्या बहुधा लिंबू फुलपाखराच्या किंवा कॉमन मॉरमॉनच्या असाव्यात. दोघांच्याही माद्या कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर राजगिऱ्याच्या दाण्याएवढे फिकट पिवळे अंडे घालतात. तीन-चार दिवसांत बाहेर पडणारी अळी तपकिरी-पांढरी असते आणि पानावर पडलेल्या पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून ती सहसा आपल्या नजरेतून सुटते. हिरवा रंग तिला शेवटची कात टाकल्यावर येतो, आणि याच वयात ती सर्वांत जास्त खाते. म्हणजे आपल्याला ती दिसते तोवर तिचे खाणे संपत आलेले असते. मुलाला गवताच्या काडीने एका अळीला हलकेच स्पर्श करायला सांगावे. डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुहेरी शिंग बाहेर येईल आणि उग्र, आंबूस वास सुटेल. शत्रूला पळवून लावण्याचे तिचे तेवढेच हत्यार आहे, म्हणून हा प्रयोग एकदाच करावा, पुन्हा पुन्हा करू नये.

आठ वर्षांचे झाड अळ्यांनी मरत नाही. पावसाळ्यात त्याला काही दिवसांतच नवे फुटवे येतात. तोवर स्वयंपाकासाठी वरच्या दोन-तीन चांगल्या फांद्यांवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा गुंडाळून तो सुतळीने बांधावा, म्हणजे फुलपाखराला तिथे अंडी घालता येणार नाहीत. मोठ्या भोकांची नायलॉनची जाळी मात्र वापरू नये, कारण तिच्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. खालच्या फांद्या नातवाच्या आणि वरच्या आजीच्या, अशी वाटणी घरात उघडपणे ठरवावी. तरीही अळ्या फार वाटल्या तर त्यांतल्या काही पानासकट उचलून शेजारच्या एखाद्या मोठ्या कढीपत्त्यावर ठेवाव्यात.

मुलाच्या जेवणाबद्दल मला अधिक काळजी वाटते. मोजलेल्या अळ्यांपैकी बऱ्याच अळ्या फुलपाखरू होण्याआधीच संपणार आहेत. शिंपी, बुलबुल आणि दयाळ हे पक्षी आपल्या पिल्लांना अळ्याच भरवतात, आणि काही गांधीलमाश्या अळीच्या अंगात अंडी घालतात. हे त्याला आजच सांगावे आणि वहीत ‘किती उरल्या’ याच्या शेजारी ‘कोणी नेल्या’ असाही एक रकाना आखून द्यावा. शिवाय एक अळी रुंद तोंडाच्या बरणीत पाळायला द्यावी. पाण्याच्या लहान बाटलीत कढीपत्त्याची डहाळी ठेवावी आणि बाटलीच्या तोंडाशी कापूस कोंबावा, नाहीतर अळी पाण्यात उतरून बुडते. बरणीवर सुती कापड बांधावे, विष्ठा रोज काढावी आणि एक वाळकी काडी तिरपी ठेवावी. वेळ आली की अळी त्या काडीवर चढेल, कमरेभोवती रेशमाचा बारीक दोरा बांधून घेईल आणि कोष होईल. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सगळा प्रवास साधारण महिनाभरात होतो.

आमच्या घरीही असाच वाद झाला होता. माझ्या आईने त्या अळ्यांना कधी बरे म्हटले नाही. एका अळीने परसदारी टेकवून ठेवलेल्या केरसुणीच्या मुठीवर कोष केला, म्हणून आम्ही दहा-बारा दिवस त्या केरसुणीला हात लावला नाही आणि आईने त्यावरूनही बोलून घेतले. मग एका सकाळी फुले तोडायला गेलेली आई परत येईना, म्हणून मी पाहायला गेले. कोष उलला होता आणि ओल्या, चुरगळलेल्या पंखांचे फुलपाखरू रिकाम्या सालाला धरून लोंबकळत होते. त्याच्या अंगातून मातकट रंगाचा एक थेंब फरशीवर पडला. पंख हळूहळू उलगडत गेले आणि काळ्यावरचे पिवळसर ठिपके, मागच्या पंखावरचा तांबडा डाग एकेक करून स्पष्ट झाले. आई परडी हातात धरून तशीच उभी होती. त्या दिवशी पूजेला उशीर झाला. आपल्या सासूबाईंनाही ती सकाळ पाहायला मिळावी, असे मनापासून वाटते.

आपल्याकडे लिंबू किंवा पपनसाचे झाड असेल तर राणी पाकोळीकडेही लक्ष ठेवावे. काळ्या पंखांवर निळा पट्टा असलेले हे मोठे फुलपाखरू महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडले. सह्याद्री जवळ असल्यामुळे ते आपल्या भागात सहज येते.

प्रश्न : व्हरांड्यातल्या कपडे वाळत घालायच्या तारेवर एका इवल्या पक्ष्याने लोंबते घरटे बांधले आहे. घराला रंग द्यायचा आहे आणि रंगारीही ठरला आहे. घरटे अलगद काढून झाडावर बांधले तर चालेल का? (एक वाचक, शिवाजी पेठ)

उत्तर : चालणार नाही. घरट्याची जागा बदलली की पक्षी बहुधा ते सोडून देतात. आपल्याकडचा पक्षी शिंजीर असावा. घरट्याकडे चार हातांवरून नीट पाहावे. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी वाळकी पाने, सालीचे कपचे आणि अळ्यांची विष्ठासुद्धा एकत्र ओवलेली दिसेल, आणि दारावर छज्जासारखी लहानशी पडवी असेल. एवढे काम मादी एकटीच करते आणि अंडीही तीच उबवते. नर पिल्ले भरवायला येतो. अंडी उबायला सुमारे दोन आठवडे आणि पिल्ले उडायला आणखी सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून रंगाऱ्याला महिना-सव्वा महिना थांबायला सांगावे, किंवा व्हरांडा सोडून बाकीचे घर आधी रंगवून घ्यावे. कपड्यांसाठी तेवढे दिवस दुसरी दोरी बांधावी. घरातल्या माणसांच्या ये-जा करण्याला हे पक्षी लवकर सरावतात, त्यामुळे दार बंद ठेवण्याची गरज नाही. फक्त तारेजवळ स्टूल किंवा असे काही ठेवू नये, ज्यावर मांजर चढू शकेल. मोबाइल घरट्याच्या तोंडाशी नेऊन फोटो काढण्याचा मोह तर सर्वांनीच आवरावा. मादी उडून गेली आणि बराच वेळ परतली नाही, तर अंडी गार पडतात.

प्रश्न : पावसात बागेत मोठाल्या शंखांच्या गोगलगायी झाल्या आहेत. त्यांनी झेंडू आणि पालक एका रात्रीत संपवला. बागेतल्या जीवांना मारू नये असे आपण नेहमी लिहिता, मग यांचे काय? (एक वाचक, कळंबा)

उत्तर : यांना काढावेच. ही आफ्रिकी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची असून १८४७ साली मॉरिशसहून कोलकात्याला आणली गेली आणि पुढे देशभर पसरली. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी तिची शेकडो अंडी मातीत सापडतात, तीही वेचून नष्ट करावीत. दिवसा ती कुंड्यांखाली आणि ओल्या पाचटाखाली लपते, म्हणून झाडांच्या बुडाशी पाचट अंथरले असेल तर ते पावसाळ्यात थोडे मागे सारावे. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याशेजारी टाकावे आणि पहाटे उचलावे. त्याखाली गोळा झालेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाकून मग खोल पुराव्यात. मीठ थेट वाफ्यात टाकू नये, त्याने माती बिघडते. त्यांच्या अंगातून माणसाला घातक जंतांची लागण होऊ शकते, म्हणून हातमोजे घालावेत आणि मुलांना हे काम देऊ नये. पालेभाजी नीट धुऊन शिजवूनच खावी.

बाजारात मिळणारे गोगलगायींचे विषारी आमिष घराजवळ टाकू नये, कारण कुत्री, मांजरे आणि पक्षी ते खातात. या गोगलगायी खाणारा भारद्वाज कळंब्याच्या बाजूला नक्की असणार. त्याचे दर्शन शुभ मानण्याची आपल्याकडे रीतच आहे. कुंपणाशी थोडी दाट झुडपे न छाटता राहू द्यावीत, म्हणजे तो आपल्या आवारातही उतरेल.