ब्लड बाउल या अमेरिकन फुटबॉलसारख्या बोर्ड गेममध्ये फासे मुद्दाम वाईट पडतात का? माझे खेळाडू सारखे पडतात आणि पाळी संपते.

नाही, फासे फितूर नाहीत. बहुतेक वेळा चालींचा क्रम चुकलेला असतो. हिशोब फाशावरच आहे: सहापैकी एका बाजूला तुमचा खेळाडू पडतो, एका बाजूला दोघेही पडतात. म्हणजे 'ब्लॉक' कौशल्य (दोघेही पडायची बाजू आली तरी आपला खेळाडू उभा राहतो) नसलेल्याने एका फाशावर धक्का दिला, तर तीनात एकदा पाळी गेली. दोन फासे असून निवड तुमची असेल तर नऊमध्ये एकदा, आणि 'ब्लॉक' असेल तर 36 मध्ये एकदाच. सामन्यात तुमच्या पाळ्या 16. दर पाळीला तीन धक्के धरले तर 48 होतात. 'ब्लॉक'शिवाय, सगळे दोन फाशांचे असले तरी, त्यात सरासरी पाच वेळा पाळी बुडणारच. तेच पाच प्रसंग डोक्यात बसतात.

म्हणून क्रम असा ठेवा:
- ज्यांना फासे लागत नाहीत ते आधी हलवा, पडलेले उठवा.
- मग 'ब्लॉक'वाल्यांचे दोन फाशांचे धक्के.
- एका फाशाचे धक्के आणि निसटणे (विरोधी खेळाडूच्या शेजारून बाहेर पडणे) शेवटी. 3+ वर (म्हणजे फाशावर 3 किंवा जास्त) सलग तीनदा निसटायचं तर यश जेमतेम 30 टक्के, तेही रीरोल (फासा पुन्हा टाकणे) न धरता. हा मोह खरंच टाळा.

समोरच्याची ताकद जास्त असेल तर मदतीला माणूस उभा केल्याशिवाय धक्का देऊच नका, कारण मग फासा तो निवडतो. अपवाद एकच: हाफची आठवी, म्हणजे शेवटची पाळी. तिथे टचडाउन (इथला गोल) होण्यासारखा असेल, तर चेंडूवाल्याच्या वाटेतली चाल आधी, बाकी सगळं नंतर.