वाचकांचे प्रश्न : कळपाची वीण एका हंगामात कशी आणावी?

प्रश्न : आमच्याकडे मांसोत्पादनासाठी पाळलेल्या सत्तर गायी असून वळू वर्षभर कळपातच असतात. वासरे बाराही महिने जन्मतात, त्यामुळे विक्रीच्या वेळी एकसारख्या वजनाची दहा वासरेही निघत नाहीत. वीण दोन महिन्यांत आटोपावी यासाठी वळू लगेच वेगळे काढावेत काय?

उत्तर : वळू वेगळे काढावेत, परंतु दोन महिन्यांची मुदत पहिल्याच वर्षी लादू नये. तसे केल्यास कळपातील बऱ्याच गायी रिकाम्या राहतील, आणि त्या वांझ नसून केवळ उशिरा व्यालेल्या असतील.

आधी वीण कधी हवी ते ठरवावे. व्यालेल्या गायीची चाऱ्याची गरज साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे दूध सर्वाधिक असताना, शिगेला पोहोचते. म्हणून गवत जोमात येण्याच्या महिना-दीड महिना आधी वीण सुरू होणे सोयीचे असते. गायीचा गर्भकाळ सरासरी २८३ दिवसांचा असतो. समजा, पहिले वासरू १ मार्चच्या सुमारास हवे आहे. तर वळू आदल्या वर्षीच्या २२ मे रोजी कळपात सोडावा लागेल. माज दर २१ दिवसांनी येत असल्याने ६३ दिवसांच्या हंगामात प्रत्येक गायीला तीन संधी मिळू शकतात, मात्र ती हंगामाच्या आरंभीच माजावर येत असली पाहिजे.

खरी अडचण येथेच आहे. वर्षातून २८३ दिवस वजा केले की ८२ दिवस उरतात, आणि दरवर्षी एक वासरू हवे असेल तर गाय विल्यानंतर एवढ्याच दिवसांत पुन्हा गाभण राहिली पाहिजे. चांगल्या अंगाची प्रौढ गाय विल्यानंतर ५० ते ६० दिवसांनी माजावर येते. रोडावलेली गाय त्याहून बराच वेळ घेते, आणि मग हाताशी एखादीच संधी उरते. शरीरमान म्हणजे गायीच्या अंगावरील मांस-चरबीचा अंदाज; एक (अगदी रोड) ते नऊ (अतिशय लठ्ठ) गुणांच्या मोजपट्टीवर विण्याच्या वेळी प्रौढ गायीचे शरीरमान पाच असावे. ते विण्याच्या तीन महिने आधी तपासावे, कारण तोवर खुराक वाढवून सुधारणा करता येते. वासरू पिऊ लागल्यानंतर गायीच्या अंगावर मांस चढवणे महागही पडते आणि अवघडही जाते.

तेव्हा पहिल्या वर्षी वळू सुमारे १२० दिवस ठेवावा, दुसऱ्या वर्षी ९० आणि तिसऱ्या वर्षी ६३ दिवसांवर यावे. दरवर्षी हंगामाची सुरुवात कायम ठेवून केवळ शेवट अलीकडे आणावा. वळू काढल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी पशुवैद्यकाकडून गर्भतपासणी करून घ्यावी आणि रिकाम्या गायी कळपातून काढण्याचा निर्णय तेव्हाच घ्यावा. एखादी गाय मनात भरलेली असते, म्हणून तिला आणखी एक संधी द्यावीशी वाटते; अशा दोन-चार संधींतूनच वीण पुन्हा वर्षभर पसरते.

वळूकडे दुर्लक्ष होऊ नये. एका प्रौढ वळूमागे २५ ते ३० गायी पुरेत. कोवळ्या वळूला याहून कमी द्याव्यात. शुक्राणू तयार होण्यास सुमारे दोन महिने लागतात, त्यामुळे आजार किंवा कडक उष्णतेचा परिणाम उशिरा दिसतो. हंगामापूर्वी त्याची प्रजननक्षमता तपासून घ्यावी. पाय आणि खूरही पाहावेत, कारण लंगडा वळू निरोगी असूनही गायींपर्यंत पोहोचत नाही. उरलेले महिने त्याला कुंपणापलीकडे ठेवणे कागदावर सोपे दिसते, प्रत्यक्षात तसे नसते; म्हणून खर्च करायचाच तर आधी कुंपणावर करावा.

प्रश्न : आमच्या कालवडी पहिल्या वेळी सहज गाभण राहतात, पण एकदा विल्यानंतर पुढच्या हंगामात हटकून रिकाम्या राहतात. दोष कालवडींत आहे काय?

उत्तर : बहुधा नाही. पहिलारू गायीची स्वतःची वाढ चालू असते आणि त्यातच वासराला दूध पाजावे लागते. त्यामुळे तिला पुन्हा माजावर येण्यास ८० ते १०० दिवस लागू शकतात. म्हणून कालवडींना प्रौढ गायींच्या तीन आठवडे आधी वळू दाखवावा. त्या वेळी त्यांचे वजन प्रौढ वजनाच्या ६० ते ६५ टक्के झालेले असावे, आणि वळू असा निवडावा की ज्याची वासरे जन्मतः लहान असतात. विण्याच्या वेळी शरीरमान सहा असावे. त्यांना प्रौढ गायींपासून वेगळे चारावे, नाहीतर गव्हाणीवर त्या मागे रेटल्या जातात.

प्रश्न : रात्रीची वीण टाळता येईल काय?

उत्तर : पूर्णपणे नाही. परंतु विण्याच्या आधीच्या महिन्यापासून खुराक सायंकाळी दिल्यास दिवसा विणाऱ्या गायींचे प्रमाण वाढते. तरीही रात्रीची फेरी सोडू नये. पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसल्यानंतर पहिलारू गायीची तासाभरात आणि प्रौढ गायीची अर्ध्या तासात काहीच प्रगती दिसली नाही, तर पशुवैद्यकाला बोलवावे. वासराला पहिल्या सहा तासांत पोटभर चीक मिळाला की नाही, हेही त्याच फेरीत पाहावे.