वाचकांचे प्रश्न : शहराच्या कडेला नवे घर

प्रश्न : मुलाला शेंद्रा औद्योगिक वसाहतीत नोकरी लागल्याने आम्ही अंबडहून छत्रपती संभाजीनगरला येत आहोत. वाळूजकडील नव्या प्रकल्पातील सदनिका शहराच्या दक्षिणेकडील सातारा-देवळाई भागापेक्षा स्वस्त पडते आहे. कोठे घ्यावी?

उत्तर : ताई, शेंद्रा शहराच्या पूर्वेला जालना रस्त्यावर आहे आणि वाळूज पश्चिमेला, त्यामुळे तेथे राहिल्यास मुलाला रोज संपूर्ण शहर ओलांडावे लागेल व वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये जातील. मी सातारा-देवळाई किंवा चिकलठाण्याकडचा भाग निवडेन. मात्र पाण्याची चौकशी सर्वांत आधी करा : नळजोडणी आहे की बोअर आणि टँकरवरच भागवावे लागते, हे विक्री कार्यालयात न विचारता शेजारच्या इमारतीतील गृहिणींना, शक्यतो मे महिन्यात, विचारा. आपल्याकडे शहराला पाणी देणारे जायकवाडी धरण भरलेले असूनही नळ कोरडा राहू शकतो, हे आपण जाणताच. प्रकल्पाचा महारेरा (राज्याचे गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक घेऊन मंजूर नकाशे आणि ताब्याची तारीख महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. विक्री कराराची नोंदणी होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नका. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार बिल्डरला ती घेताच येत नाही.