आधी फरशी की आधी पाइप?

प्रश्न : अमळनेरला घर बांधतेय. स्लॅब, वीटकाम झालं. पुढची कामं वेगवेगळ्या माणसांना दिली आहेत : गवंडी, प्लंबर, वायरमन, पीओपीवाला, फरशीवाला, रंगारी. एक येतो तेव्हा दुसऱ्याचं झालेलं नसतं. परवा तर प्लास्टर झालेली भिंत वायरमनने फोडली. मुलाने तारखांचा तक्ता करून सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवला, पण कोणी ढुंकून पाहिलं नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत वास्तुशांती करायची आहे. उशीर झाला तर पैसे कापायची अट घालू का?
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : ताई, अट घालू नका. मिस्त्री तोंडावर हो म्हणेल आणि जिथे अट नाही त्या साइटवर निघून जाईल. चांगल्या माणसाच्या हातात एका वेळी तीन-चार कामं असतातच.

मुलाचा तक्ता नीटच असेल. पण तारखा त्याने टाकल्या, कामं दुसऱ्यांची. प्लंबर तुम्हाला फोनवर "सकाय येस ना, ताई" (उद्या येतो ना) म्हणतो, त्यात त्याचं काय जातं? तेच फरशीवाल्यासमोर म्हणायचं झालं की तो आधी हिशेब करतो. कारण फरशीवाल्याचा रोज बुडाला तर तो त्याची गचांडी धरणार.

म्हणून एका रविवारी सगळ्यांना साइटवर एकत्र बसवा. ठेकेदार नको, प्रत्यक्ष हत्यार चालवणारा हवा. चहा-नाश्त्याची सोय ठेवा. भिंतीवर खडूने आठवडे आखा, प्रत्येकाला वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या द्या आणि वास्तुशांतीपासून उलटं मागे या. रंगाचा शेवटचा हात कधी? त्याआधी रंगाऱ्याला काय मोकळं हवं? ते कोण करून देणार? ज्याचं काम त्यानेच चिठ्ठी लावायची. "तेवढ्यात होणार नाही" असंही त्याला बिनधास्त म्हणता आलं पाहिजे. नाही म्हणायची सोय नसेल तिथल्या होकाराला अर्थ नसतो.

बाथरूमपासून सुरुवात करा, कारण सगळे तिथेच एकमेकांच्या पायात येतात. भिंतीतले पाइप, मग पंपाने प्रेशर देऊन गळती पाहणं, मग खाचा बुजवून प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, दोन दिवस पाणी साठवून खालचं छत तपासणं, आणि नंतर टाइल. गिझरचा पॉइंट प्लास्टरच्या आधी. तुमच्या वायरमनचं चुकलं ते इथेच, पण त्याला आधी बोलावलं होतं कुणी? पाणी साठवायच्या त्या दोन दिवसांची आणि प्लास्टरला पाणी मारायच्या सात दिवसांचीही चिठ्ठी लावा. नाहीतर ते दिवस रिकामे समजून कोणीतरी घुसतोच.

ही काही माझी शक्कल नाही. अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या बांधकाम-नियोजनाच्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात मोठ्या प्रकल्पांवर पाहिलं की आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी जेमतेम निम्मी वेळेत होतात. त्यातून त्यांनी 'लास्ट प्लॅनर' पद्धत बसवली : शेवटचा शब्द काम करणाऱ्याचा, आणि वाट मोकळी झाल्याशिवाय कामाचा शब्द द्यायचा नाही. दर आठवड्याला ठरलेल्यापैकी किती झालं ते मोजायचं, राहिलं त्याचं कारण लिहायचं. तुम्ही शनिवारी मजुरी देता तेव्हाच हे करा, दहा मिनिटं पुरतात. कारण लिहा, माणसाचं नाव नको. तीन शनिवार "वाळू नाही" आलं तर रोग वाळूत आहे.

आपल्याकडची एक गोष्ट त्या पुस्तकी पद्धतीत सापडणार नाही. तुमचे बिगारी सातपुड्यातले पावरा आदिवासी असतील तर होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतो आणि माणसं गावी जातात. जाणारच, अडवू नका. परतायला किती दिवस लागतील ते त्यांनाच विचारा आणि तेवढा पट्टा भिंतीवर कोरा सोडा. पुढे उन्हाचा तडाखा वाढला की दुपारी चार तास काम बंद, तेही धरा.

आणि एक रंग तुमचाही ठेवा. बऱ्याच साइट मिस्त्रीपायी नाही, मालकापायी अडतात. शॉवरच्या डायव्हर्टरचा (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणाऱ्या कॉकचा) भिंतीत जाणारा भाग हातात असल्याशिवाय प्लंबर खाच बुजवू शकत नाही आणि सिंक समोर ठेवल्याशिवाय ग्रॅनाइटवाला ओट्याला भोक पाडत नाही. बैठकीच्या आधी जळगावला जाऊन या दोन वस्तू आणि बाथरूमची टाइल घेऊन या. टाइल एकाच बॅचची आणि चार-पाच खोकी जास्तीची घ्या.