लिव्हरवाली घेऊ की बटनवाली? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाऊस सुरू झाला की आमच्याकडे एकच विषय येतो, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी गाडी. यावेळी तर निम्मी पत्रं एकाच वळणाची आहेत, जुनी साधी गाडी बरी का नवीन कॉम्प्युटरवाली. सगळी छापणं शक्य नाही, पाच घेतली.

प्रश्न (सातारा): दादा, बजेट दहा लाखांच्या आसपास आहे. एक २०२१ ची महिंद्राची डिझेल थार बघितलीय, आणि दुसरीकडे त्यांचीच जुनी जीप, एमएम ५४० आहे, मालक म्हणतो पूर्ण रिस्टोर केलीय, साडेचार लाखात देतोय. मित्र म्हणतात जुनीच घे, बिघडली तर पाना घेऊन रस्त्यात नीट होते, नवीन थारचा एक सेन्सर गेला की टोचन. काय करू?

उत्तर: आधी मला सांगा, सोमवारी सकाळी कामावर जायला तुमच्याकडे दुसरी गाडी आहे का? पत्रात त्याचा उल्लेखच नाही म्हणून विचारतो. नसेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, थार घ्या. माझ्याकडे अकरा वर्षं ५४० होती आणि मी तिच्यावर जीव टाकायचो, तरी हेच सांगेन. हायवेवर साठच्या वर गेली की स्टिअरिंग हातात नाचायचं, पुढची चाकं ज्यावर वळतात ते किंगपिन बदलले, मग टायरॉड एंड बदलले, मग परत किंगपिन, आणि पावसात ब्रेक मारला की ती कुठल्या बाजूला ओढणार हे तिचं तीच ठरवायची.

तुमचे मित्र पान्याचं म्हणतात ते खरंय, पण अर्धंच. जुन्या डिझेल जीपला कॉम्प्युटर नाही, डिझेल पंप मेकॅनिकल, नोझल साधे, डिझेलच्या लाइनमध्ये एअर (हवा) लागली तर ब्लीड करून, म्हणजे ती हवा काढून, चालू होते. पण पाना कोणाच्या हातात असणार हे बघा ना! या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री आता साठीच्या पुढे गेलेत, त्यांची पोरं स्कॅनर लावून काम करतात, आणि पंप कॅलिब्रेट करणारा चांगला माणूस शोधायला मला शेवटी दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागलं. स्वतःला हात काळे करायची आवड असेल तर मजा आहे, नसेल तर गाडी महिन्यातले वीस दिवस गॅरेजच्या दारात दिसेल.

"पूर्ण रिस्टोर" या शब्दावर तर अजिबात जाऊ नका. खाली झोपा आणि चेसिस बघा, विशेषतः मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) हँगर जिथे बसतात तिथे, कारण गंज वरून कलर मारला की दिसत नाही आणि हातोडीने टकटक केलं की आवाजात कळतो. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. अशा कितीतरी जीपना मधल्या काळात दुसरं इंजिन बसलंय, पॉवर स्टिअरिंग बसलंय, बॉडी तर गल्लीत बनलीय, आणि कागदावर काहीच चढवलेलं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ च्या सुरुवातीला सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये परस्पर बदल चालणार नाहीत. पंधरा वर्षं उलटली की दर पाच वर्षांनी री-पासिंग, म्हणजे आरटीओची परत तपासणी, तिथे इन्स्पेक्टर बॉनेट उघडणार, तेव्हा मालक फोन उचलणार नाही.

आता गंमत सांगतो. तुम्ही ज्याला "नवीन इलेक्ट्रॉनिक" म्हणताय त्या थारचा फोर बाय फोर अजून हातानेच पडतो, गिअरच्या शेजारी दुसरा दांडा आहेच. इलेक्ट्रॉनिक्स आहे ते इंजिनात आणि ब्रेकमध्ये. आणि जुनी जीप खडकात जास्त चढते असं जे म्हणतात ना, तिथेही जरा थांबा, तिचे पाटे आखूड आणि कडक, चाक लगेच हवेत उचलतं, आणि डिफला (डिफरन्शियल, दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा) दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉक नसेल तर हवेतलं चाक नुसतं भिरभिरतं. थारला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, चाक जमीन धरून राहतं. शिवाय २०२० च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक टेस्टमध्ये तिला मोठ्यांसाठी चार स्टार आणि मुलांसाठीही चार स्टार मिळालेत, ५४० मध्ये मागे आडव्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला धरायला वरचा पाइप असतो. घेताना एवढं विचारा की मागच्या अ‍ॅक्सलला मेकॅनिकल लॉकिंग डिफ आहे का, कारण काही व्हेरियंटला आहे, काहींना नाही, आणि नंतर बसवायचं म्हटलं की खिसा रिकामा.

एक मात्र जपा. बीएस-सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या नियमातल्या, डिझेलला डीपीएफ असतो, म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी धरणारा फिल्टर. रविवारी दिवसभर लो गिअरमध्ये रांगायचं आणि बाकी आठवडा भाजीला दोन किलोमीटर, असं केलं की तो भरतो आणि डॅशवर दिवा लागतो. महिन्यातून दोन-तीनदा हायवेवर अर्धा-पाऊण तास एका लयीत पळवा, तो आपोआप जळून साफ होतो. हे न कळल्यामुळे लोक गाडीला शिव्या घालतात.

प्रश्न (पुणे): माझी मारुतीची जिमनी आहे, मॅन्युअल. मुळशीकडे ग्रुपबरोबर गेलो होतो, एका ठिकाणी समोरचं एक आणि मागचं तिरकं एक अशी दोन चाकं हवेत फिरत राहिली, गाडी जागची हलेना. मागून एक जुनी लॉकरवाली जीप आली आणि आरामात निघून गेली, सगळे हसले. हे ब्रेकवालं ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे नुसतं ब्रोशरमध्येच आहे का?

उत्तर: मी पैज लावतो, चाक फिरायला लागलं की तुम्ही घाबरून अ‍ॅक्सिलेटर सोडला. सगळे सोडतात, मीही सोडायचो, कारण जुन्या गाडीवर आम्हाला तेच शिकवलं होतं की चाक स्लिप झालं की पाय काढ, नाहीतर खड्डा करशील किंवा अ‍ॅक्सल तोडशील. तुमच्या गाडीत नेमकं उलटं करायचं.

आत काय होतं ते बघा. साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला विरोध कमी ते फिरतं, म्हणजे हवेतलं फिरणार आणि जमिनीवरचं गप्प बसणार. लॉकर दोन्ही चाकं एकत्र बांधून टाकतो, म्हणून ती जीप गेली. तुमच्या जिमनीत ते काम ब्रेक करतो, फिरणाऱ्या चाकाला कॉम्प्युटर ब्रेक लावतो, त्याला विरोध मिळाला की ताकद दुसऱ्या बाजूला जाते. पण चाक फिरतंय हे त्याला आधी कळायला पाहिजे ना! तुम्ही पाय काढला की चाक थांबतं, कॉम्प्युटरला वाटतं प्रॉब्लेम सुटला, तो ब्रेक सोडतो, तुम्ही परत दाबता, परत तेच, आणि तुम्ही बसता डुलत. फोर-लो (फोर बाय फोरचा हळू पण जास्त ताकदीचा गिअर), पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, आणि पाय एका जागी स्थिर. दोन-तीन सेकंद चाक फिरेल, खालून कर्रर्र असा घाणेरडा आवाज येईल, काहीतरी तुटलं असं वाटेल, तिथेच धीर धरायचा. गाडी हळूच पुढे सरकते. पुढच्या रविवारी मुद्दाम तेच ठिकाण शोधा आणि करून बघा.

तरी हसणाऱ्यांचं काहीच खरं नाही असं मी म्हणणार नाही. ब्रेकवाली सिस्टिम प्रॉब्लेम झाल्यावर जागी होते, लॉक तुम्ही आधीच टाकून ठेवता. फोर्स गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे डिफ लॉक येतात, खडक दिसला की लॉक टाका आणि पाय न दाबता रांगत जा, त्याची मजाच वेगळी. पण पुढचा लॉक टाकल्यावर स्टिअरिंग दगडासारखं होतं, वळायच्या आधी काढावा लागतो, न काढता जोर केलेल्यांनी पुढचा अ‍ॅक्सल मोडलेला मी पाहिलाय. थारमध्ये मागे जो लॉक येतो तो तिसरा प्रकार, दोन चाकांच्या स्पीडमध्ये साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की आपोआप टक्क करून बसतो. तिथेही पाय थोडा दाबावाच लागतो.

आणि हो, तुमची जिमनी बाराशे किलोच्या आसपास आहे, थार तिच्यापेक्षा पाचेकशे किलोने जड, गुरखा दोन टनांच्या वर. काळ्या मातीच्या चिखलात हे वजन सगळ्या बटनांपेक्षा मोठं. टायरमधली हवा १८ ते २० पीएसआयला आणा, परत येताना भरायला छोटा कंप्रेसर ठेवा, आणि मग बघू कोण कोणाला ओढून काढतं.

प्रश्न (कुडाळ): आमच्या वाडीच्या वाटेला दोन व्हाळ (ओढे) लागतात, पावसाळ्यात पाणी चढतं. पाण्यासाठी जुनी गाडीच सेफ ना? नवीन गाडीचं कॉम्प्युटर भिजलं तर?

उत्तर: जुनी कुठली त्यावर आहे. मेकॅनिकल पंपाचं डिझेल असेल तर हो, त्याला चालू राहायला विजेची जवळजवळ गरजच नाही, हवा घेणारी नळी कोरडी राहिली की इंजिन पाण्यातही घुमत राहतं. पण जुनं कार्ब्युरेटरवालं पेट्रोल म्हणाल तर पाण्यात सगळ्यात आधी तेच मरतं, कारण डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दोन थेंब गेले की करंट गायब. आम्ही टोपीला प्लास्टिकची पिशवी बांधायचो आणि खिशात कोरडं फडकं ठेवायचो. नवीन गाड्यांचे कनेक्टर सीलबंद असतात, थारला कंपनी ६५० मिलिमीटरपर्यंत पाणी चालेल म्हणते, स्नॉर्कलवाल्या, म्हणजे हवा घेणारी नळी वर नेलेल्या, गुरखाला ७००. पण हा आकडा शांत पाण्याचा आहे. व्हाळ वाहता असेल, तळ दिसत नसेल, तर काठी घेऊन आधी स्वतः चालून बघा, आणि फरशीच्या पुलावरून गढूळ पाणी जोरात जात असेल तर थांबा, चहा प्या, पाणी उतरू द्या. तिथे जुनी नवीन काही नसतं, गाडी तरंगली की संपलं.

मध्येच बंद पडली तर परत सेल्फ मारू नका, जुनी असो वा नवी. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आणि कोणी बघत नाही. गरम डिफ हाउसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रिदर, म्हणजे त्याची हवा ये-जा करायची नळी, वर नेलेला नसेल तर पाणी आत ओढलं जातं. पावसाळा संपला की डिफचा प्लग उघडून ऑइल बघा, दुधाच्या चहासारखं दिसलं तर लगेच बदला. आणि तुमच्याकडे खारं वारं, तेव्हा जुनी घेणार असाल तर किनाऱ्यावरची घेऊ नका, घाटावरची घ्या.

प्रश्न (नाशिक): बाबांची १९९८ ची मारुती जिप्सी आहे, ते गेल्यापासून चार वर्षं उभीच आहे. मला ट्रेकला बेस व्हिलेजपर्यंत जायला फोर बाय फोर हवी आहे, मुलगा सहा वर्षांचा आहे. जिप्सी चालू करून वापरू की विकून नवीन घेऊ?

उत्तर: ताई, विकू नका, पण मुलाला घेऊन हायवेला तीच न्यायची असंही करू नका. तिला एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, मागे आडवी सीट, आणि नवीन सेफ्टी नियमांपुढे ती अखेर बंदच झाली. मुलासाठी वेगळी गाडी बघा, तिला फोर बाय फोर नसलं तरी चालेल, बेस व्हिलेजच्या ऐंशी टक्के रस्त्यांना ग्राउंड क्लिअरन्स आणि चांगले टायर पुरतात.

जिप्सी मात्र चिखलातलं फुलपाखरू आहे, एक टनाच्याही आत वजन, बाकी सगळे रुततात तिथून ती वरून निघून जाते. चार वर्षं उभी आहे तर थेट सेल्फ मारू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, कार्ब्युरेटर उघडून साफ करून घ्या, प्लगच्या भोकातून थोडं ऑइल टाकून इंजिन हाताने फिरवा, ब्रेकचे रबर सगळे नवीन, टायर नक्षी भरपूर दिसली तरी नवीन. आणि पुढच्या चाकांच्या हबवर, म्हणजे मधल्या भागावर, बघा, फिरवायची चकती असेल तर फोर बाय फोर लागण्याआधी खाली उतरून ती लॉकला फिरवावी लागते. कित्येक जण नुसता दांडा टाकतात आणि म्हणतात फोर बाय फोर चालतच नाही. पासिंगची तारीख मात्र आजच आरसीवर बघा.

प्रश्न (दुबई): मूळचा सांगलीचा, इथे वाळूत जातो. ग्रुपमध्ये दोन तट आहेत, जुनी पेट्रोलवरची निसान पॅट्रोल, म्हणजे वाय-सिक्स्टीवन, का तिचं नवीन मॉडेल. तुमचं मत?

उत्तर: वाळूवर माझे टायर मोजून चार वेळा फिरलेत, तेव्हा बेतानेच बोलतो. वाळूत लॉकपेक्षा हवा आणि वेग महत्त्वाचा, १२ ते १५ पीएसआय, आणि नवीन गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल बंद, नाहीतर टेकडीच्या मध्यावर चाक जरा फिरलं की कॉम्प्युटर पॉवर कापतो आणि तुम्ही तिथेच बसता. वाय-सिक्स्टीवनला दोन्हीकडे सरळ अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकं एकाच दांड्यावर, ती मार खाते, २०१० नंतरची वाय-सिक्स्टीटू सगळी इंडिपेन्डन्ट, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र, वेगात जास्त आरामाची पण उडी मारून आपटली की खर्च मोठा. टोयोटाने १९८४ ची लँड क्रूझर सेव्हन्टी अजून विकायला ठेवलीय, म्हणजे साध्या गाडीला गिऱ्हाईक आहेच. तुम्ही उड्या मारणारे असाल तर जुनी, बायकापोरांना घेऊन जाणार असाल तर नवीन. सांगलीला सुट्टीवर आलात की कळवा, कृष्णाकाठचा चिखल दाखवतो, तिथे वाळूवाल्यांची फार लवकर दमछाक होते.