श्रीलंकेत अनुराधपूर ते कँडी सायकलने जाताय?
पहाटे साडेपाचलाच निघा. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही. तासाला पाऊण लिटर पाणी, एकाआड एक बाटलीत ओआरएस.

अनुराधपूरच्या रुवनवेलीसाय स्तूपापाशी बूट आणि टोपी दोन्ही काढावी लागतात. दुपारी फरशी अशी पोळते की पाऊल टेकवत नाही. जाड मोजे हँडलच्या पिशवीत वरच ठेवा. घट्ट शॉर्ट्सवर लुंगी गुंडाळा, खांदे झाका. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमान समजतात, सेल्फीसुद्धा.

वाटेत हबरणाच्या बाजूला संध्याकाळी हत्ती रस्त्यावर येतात. चारच्या आत मुक्काम गाठा, गट फुटू देऊ नका. हत्ती दिसला तर लांबच थांबा. बगल देऊन पुढे काढायची हौस नको. दांबुल्लानंतर चढ लागतो, मागच्या चाकाच्या गिअरमध्ये 34 दात्यांचं चक्र असलेलं बरं.